पहाडावरचा मासा कोणाचा?



मनालीच्या बाजूला, उटीला, काश्मिरात थंड पाण्याच्या नद्यांवर पर्यटक मासा धरायला जातात. त्या माशाचं नाव ट्राउट. हातात लांब काठी, पायात गुडघ्यापर्यंतचे बूट, मागे बर्फाचा डोंगर. असे व्हिडिओ आता आपल्या मुली आणि सुना मोबाईलवर पाहतात. म्हणून आमच्या गटांच्या बैठकांमध्ये हा विषय दोन अंगांनी निघतो. काही जणी म्हणतात, एकदा अभ्यास सहल तिकडे काढू. दुसऱ्या विचारतात, आपल्याही तलावावर नागपूरचे लोक गळ टाकायला येतील का, त्यातून गटाला चार पैसे मिळतील का?

दोन्ही प्रश्न चांगले आहेत. पण सहलीचा खर्च मांडायच्या आधी या माशाचा इतिहास माहीत असायला हवा. तो कुठून आला, कोणी आणला, कोणाला तो धरता आला आणि कोणाला नाही, हे कळलं म्हणजे आपल्या गावच्या तलावाकडेही आपण वेगळ्या नजरेनं पाहू. आज आम्ही तेच सांगणार आहोत.

ट्राउट हा आपल्या देशाचा मासा नाही. भुऱ्या रंगाचा ट्राउट युरोपातला आणि अंगावर गुलाबी पट्टा असलेला रेनबो ट्राउट अमेरिकेच्या पश्चिमेकडचा. त्याला थंड, स्वच्छ आणि सतत वाहतं पाणी लागतं. पाणी वीस अंशांच्या वर गेलं की तो अस्वस्थ होतो, आणखी तापलं की मरतो. आपल्या नागपूरचा उन्हाळा पंचेचाळीस अंशांवर जातो. तेव्हा कोणी ‘तुमच्या बोडीत ट्राउट सोडून देतो’ म्हणून पैसे मागायला आला, तर त्याला चहा पाजून वाटेला लावा.

मग हा मासा भारतात आला कसा? इंग्रज अधिकारी उन्हाळ्यात पहाडावर राहायला जात. तिथे त्यांना आपल्या गावासारखी हवा मिळाली, बंगले बांधता आले, बागेत गुलाब लावता आले. फक्त गळाला लागणारा विलायती मासा तेवढा नव्हता. फ्रान्सिस डे नावाचे एक डॉक्टर मद्रासच्या फौजेत होते. त्यांनी १८६३ मध्ये निलगिरी डोंगरात, म्हणजे उटीच्या भागात, ट्राउटची अंडी आणायचा प्रयत्न केला. तो फसला. जहाजाचा प्रवास लांबचा आणि वाटेत उष्ण समुद्र. माशाची अंडी ती उष्णता कशी सोसणार?

पुढच्याच वर्षी, १८६४ मध्ये, इंग्लंडहून ऑस्ट्रेलियाजवळच्या टास्मानिया बेटावर मात्र अंडी जिवंत पोचली. लाकडी पेट्यांमध्ये ओलं शेवाळ, त्यात अंडी, आणि त्या पेट्या जहाजाच्या तळाशी बर्फाखाली ठेवलेल्या. थंडीत अंड्यांची वाढ मंदावते, म्हणून ती महिनोन् महिने टिकली. ही युक्ती जमल्यावर जगभर जिथे जिथे इंग्रज होते तिथे तिथे ट्राउट पोचू लागला. काश्मीरचे महाराज प्रतापसिंह यांच्या काळात १८९९ मध्ये अंड्यांची पहिली खेप वाटेतच वाया गेली, पण १९०० ची दुसरी खेप जगली. श्रीनगरजवळ हारवनला त्यांची पैदास सुरू झाली. निलगिरीत १९०६ नंतर हेन्री विल्सन यांच्या देखरेखीखाली रेनबो ट्राउट रुजला. केरळात मुन्नारच्या चहामळेवाल्यांनी आपल्या डोंगरातल्या ओढ्यांमध्ये तो सोडला. कुल्लूच्या खोऱ्यात हॉवेल नावाच्या अधिकाऱ्यानं १९०९ मध्ये तो आणला. आज मनालीला जाणारे लोक जो मासा धरतात, त्याचं मूळ असं शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचं आहे.

एवढी धडपड कशासाठी? पोट भरायला नव्हे. साहेबांचा तो विरंगुळा होता. आणि विरंगुळा टिकवायचा तर पाण्यावर पहारा हवा. निलगिरीत ट्राउट नीट रुजायच्या आधीच, १८७९ मध्ये, शिकारीचे प्राणी आणि मासे राखण्यासाठी खास कायदा झाला. परवाना कोणाला मिळायचा, कोणत्या महिन्यात मासा धरायचा नाही, कोणतं साधन चालेल, हे सगळं कागदावर आलं. मासा राखणं वाईट नाही. विणीच्या दिवसांत मासा धरू नये हे तर आपल्या ढिवर म्हाताऱ्यांनाही ठाऊक होतं. पण नियम करताना तिथे पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्या लोकांना कोणी बोलावलं नाही. साहेबाचा गळ खेळ ठरला आणि गावकऱ्याचं जाळं चोरी ठरलं.

फ्रान्सिस डे यांचं नाव इथे पुन्हा येतं. निलगिरीत ट्राउटची अंडी आणायला धडपडलेले हेच डॉक्टर पुढे भारतातल्या मत्स्यव्यवसायाचे मोठे अधिकारी झाले. त्यांनी देशातल्या माशांवर मोठे ग्रंथ लिहिले, ते आजही अभ्यासक वापरतात. १८७३ मध्ये त्यांनी सरकारला अहवाल दिला. नद्यांमधले मासे कमी होत आहेत, आणि त्याला बारीक डोळ्यांची जाळी आणि धानाच्या बांध्यांमध्ये लावलेले सापळे जबाबदार आहेत, असं त्यांचं म्हणणं होतं. पुढे १८९७ मध्ये देशाचा मत्स्य कायदा आला. पाण्यात सुरुंग फोडून किंवा विष टाकून मासे मारायला त्यानं बंदी घातली, हे चांगलंच झालं. जाळ्याचा डोळा केवढा असावा, कुठे मासे धरू नयेत, याचे नियम करायचा अधिकारही त्यानं सरकारला दिला. मात्र ज्या बायांच्या टोपलीतून तो मासा बाजारात जात होता, त्या बायांचा त्या कायद्यात कुठे उल्लेख नाही.

आता आपल्या पहाडाकडे येऊ. आपला पहाड म्हणजे पचमढी. नागपूर, भंडारा, अमरावतीच्या बायांना पचमढी वेगळी सांगावी लागत नाही. आपण तिथे ‘महादेवाला जातो’. महाशिवरात्रीला चौरागडावर त्रिशूळ वाहतो, नागपंचमीच्या आधी नागद्वारची चढण चढतो. पण त्याच पचमढीचा दुसरा इतिहासही नागपूरशी जोडलेला आहे. १८६१ मध्ये इंग्रजांनी मध्य प्रांत तयार केला आणि नागपूर त्याची राजधानी झाली. उन्हाळा लागला की नागपूरचं सरकार कागदपत्रांसकट पचमढीला जाई. कॅप्टन जेम्स फोरसिथ यांनी १८६२ मध्ये तिथे बायसन लॉज बांधला. ती इमारत अजून उभी आहे. सातपुड्यातल्या वाटा साहेबांना दाखवल्या त्या तिथल्या गोंड आणि कोरकू माणसांनी.

पचमढीजवळचं बोरीचं जंगल १८६५ मध्येच राखीव झालं. देशातल्या पहिल्या राखीव जंगलांमध्ये त्याची गणना होते. राखीव जंगल म्हटलं की आपण झाडं आणि वाघ आठवतो. पण पाणीही त्याच हद्दीत येतं. १९२७ च्या भारतीय वन कायद्याचं सव्विसावं कलम पाहा. राखीव जंगलात काय केलं तर गुन्हा होतो, याची त्यात यादी आहे. शिकार करणं, सापळा लावणं, पाण्यात विष घालणं, आणि त्यांच्याच रांगेत नियम मोडून मासे धरणं. म्हणजे जंगलातल्या डोहावर मासा धरून घरी कालवण करणारी बाई आणि पाण्यात विष कालवणारा माणूस एकाच कलमात आले. हा कायदा आजही लागू आहे. पचमढीत फिरायला गेल्यावर एखाद्या ओढ्यात गळ टाकावासा वाटला, तर हे लक्षात ठेवा. राष्ट्रीय उद्यानात आणि अभयारण्यात परवानगीशिवाय मासे धरणं गुन्हा आहे, मग तुम्ही पर्यटक असा की तिथल्याच गावच्या.

पहाड उतरून आपल्या मैदानात आलं की पाण्याचा इतिहास वेगळा दिसतो. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि नागपूरचा पूर्व भाग हा तलावांचा मुलूख. गोंड राजांच्या आणि नंतर भोसल्यांच्या काळात कोहळी समाजानं इथे हजारो तलाव आणि बोड्या बांधल्या. नवेगावबांधचा मोठा तलाव कोलू पाटील कोहळी यांनी अठराव्या शतकात बांधला असं सांगतात. ज्या टेकड्यांच्या मध्ये तो आहे, त्यांना लोक सात बहिणी म्हणतात. कोहळ्यानं पाळ बांधायची, धानाला पाणी द्यायचं. ढिवरानं डोंगा घालून मासा धरायचा, शिंगाडा लावायचा. ढिवरणीनं टोपली डोक्यावर घेऊन बाजार करायचा. मालगुजार मालक होता आणि त्याच्या मर्जीचा जाच होताच, ते आपण विसरायचं नाही. तरी प्रत्येक गावाला पाण्याचा, लाकडाचा, चाऱ्याचा ‘निस्तार’ होता. म्हणजे घरच्या गरजेपुरतं घ्यायचा हक्क.

१९५१ मध्ये मालगुजारी संपली आणि तलाव सरकारचे झाले. आपण त्यांना ‘मामा तलाव’ म्हणतो, तो मामा म्हणजे ‘माजी मालगुजारी’. मोठे तलाव पाटबंधारे खात्याकडे गेले, लहान जिल्हा परिषदेकडे आणि ग्रामपंचायतीकडे. मासेमारीसाठी सहकारी संस्था निघाल्या आणि तलाव ठेक्यानं दिले जाऊ लागले. ढिवर समाजाला मालगुजाराच्या दारात उभं राहायची गरज उरली नाही, ही मोठी गोष्ट झाली. पण एक गोष्ट तेव्हा राहून गेली, ती आजही कित्येक गावांत तशीच आहे. संस्थेचं सभासदपण घरच्या पुरुषाच्या नावावर लागलं. जाळं विणणं, मासा निवडणं, सुकवणं, विकणं ही कामं बाईकडे. सभेची नोटीस, मताचा हात आणि वाटणीचा हिशेब पुरुषाकडे. नवरा वारला की सभासदपण मुलाकडे जातं आणि बाई पुन्हा टोपलीपुरती उरते.

पाण्यातही बदल झाला. १९५७ मध्ये हिरालाल चौधरी या शास्त्रज्ञानं इंजेक्शन देऊन कार्प जातीच्या माशांना अंडी घालायला लावण्यात यश मिळवलं. ते घडलं १० जुलैला, म्हणून तो दिवस देशात मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतात. त्यामुळे रोहू, कटला, मृगळ यांचं बीज भरपूर मिळू लागलं आणि तलावातलं उत्पन्न वाढलं. मागोमाग चंदेरी कार्प, गवत्या कार्प असे परदेशी मासेही आले. पैसे हातात आले, हे खरं. पण ज्या तलावात मरळ, मागूर, शिंगूर, काटवा, झिंगे असं कितीतरी मिळायचं, तिथे तीन-चार जातींवर सगळा हिशेब येऊन थांबला. बाळंतिणीला आणि आजाऱ्याला द्यायचा मागूर आता बाजारात शोधावा लागतो.

जंगलातल्या पाण्यावर कोणाचा हक्क, हा प्रश्न नागपूरच्या अगदी उशाशी येऊन ठेपला तो पेंचला. पेंच नदीवर तोतलाडोहचं धरण झालं. नदीच्या दोन्ही बाजूंना, म्हणजे महाराष्ट्रात आणि मध्य प्रदेशात, जंगलाचं राष्ट्रीय उद्यान झालं. मध्य प्रदेशच्या बाजूला ज्या आदिवासी कुटुंबांची गावं उठली, त्यांना जलाशयात मासे धरण्याचे ३०५ परवाने देण्यात आले. वाघांच्या जंगलात हे नको, म्हणून प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९९७ मध्ये न्यायालयानं परवाने रद्द केले नाहीत, पण कडक अटी घातल्या. परवान्यावर फोटो हवा, तो दुसऱ्याला देता येणार नाही, ठरलेल्या वाटेनंच यायचं-जायचं, काठावर चूल पेटवायची नाही. वाघ जगला पाहिजे यात आपलं दुमत नाही. पण त्याच जंगलात पर्यटकांच्या गाड्या तिकीट काढून आत जातात. घर गेलेल्या माणसाला मात्र आपल्या जुन्या नदीवर जाण्यासाठी न्यायालयाची पायरी चढावी लागली. मैत्रिणींनो, ‘पर्यटन’ हा शब्द ऐकला की आधी हा फरक आठवा.

कोणी विचारेल, परदेशी मासा नको, आपलाच देशी मासा गळासाठी वाढवला तर? त्याचीही कहाणी आपल्याच महाराष्ट्रात आहे. आपल्या नद्यांचा राजा म्हणजे महसीर. मोठे खवले, अंगात भारी जोर. साहेब लोकही या माशाला फार मानत. साईक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं १८३९ मध्ये दख्खनच्या महसीरची शास्त्रीय नोंद केली. त्या माशाच्या शास्त्रीय नावात ‘खुद्री’ हा शब्द आहे, तो इथल्या लोकांच्या तोंडचाच. आपल्या लोकांनी या माशाला देवाच्या आसऱ्यानंही जपलं. रायगड जिल्ह्यात महाडजवळ वाळण कोंड नावाचा डोह आहे आणि पालघर जिल्ह्यात वाडा तालुक्यात तिळसे इथे महादेवाचं देऊळ आहे. या दोन्ही ठिकाणचा महसीर कोणी धरत नाही. तिथे पाटी लावून बंदी करावी लागली नाही.

पुढे धरणं झाली, महसीर कमी झाला. तेव्हा १९७० च्या दशकात लोणावळ्याला त्याची कृत्रिम पैदास सुरू झाली. लोणावळा म्हणजे मुंबई-पुण्याच्या लोकांचं पहाडावरचं गाव. तिथून लाखो पिल्लं देशातल्या वेगवेगळ्या पाण्यांत गेली. हे फार मोठं काम होतं. पण कर्नाटकात कावेरी नदीवर गळाची हौस असलेल्या पर्यटकांसाठी हीच पिल्लं सोडली गेली, आणि कावेरीचा स्वतःचा पाठीवर कुबड असलेला महसीर तिथे कमी कमी होत आता नाहीसा व्हायच्या टोकाला आला आहे, असं अभ्यासकांनी दाखवलं आहे. म्हणजे मासा आपल्या देशाचा असला तरी दुसऱ्या नदीत तो पाहुणाच असतो. पाहुणा जास्त दिवस राहिला आणि घरभर पसरला तर घरच्यांनी जायचं कुठे?

या इतिहासात फक्त तक्रारच आहे असं नाही. हिमाचलात पुढे काय झालं तेही ऐका. साहेब गेले, मासा राहिला. मनालीच्या वाटेवर पतलीकूहल इथे सरकारी पैदास केंद्र आहे. १९८० च्या दशकाच्या शेवटी नॉर्वे देशाच्या मदतीनं तिथे ट्राउट-शेतीचं तंत्र आलं. डोंगरातल्या ओढ्याचं पाणी सिमेंटच्या लांब हौदातून वाहतं ठेवायचं आणि त्यात रेनबो ट्राउट वाढवायचा. आता शेतकरी कुटुंबं असे हौद चालवतात आणि मासा हॉटेलांना विकतात. जो मासा परवाना असलेल्या साहेबाचा होता, तो शेतकऱ्याच्या अंगणात आला. तीर्थन नावाच्या नदीवर वीजप्रकल्प होणार होते. लोकांनी विरोध केला, न्यायालयात गेले, आणि सरकारला ते प्रकल्प सोडून द्यावे लागले. नदी मोकळी वाहते म्हणूनच आज तिथे गळ टाकायला पर्यटक येतात आणि गावातल्या घरांमध्ये मुक्काम करतात. नदी वाचवणारे गावचे होते, म्हणून तिथे येणाऱ्या पर्यटकांचा पैसा गावातही फिरतो.

आपल्याकडेही सुरुवात झाली आहे. गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगाव तालुक्यात ढिवर बायांनी संस्थांच्या बरोबरीनं मामा तलावांमध्ये काम केलं. तलावातली बेशरम उपटून काढली. नांगरून, माती मऊ करून देशी पाणवनस्पती पुन्हा लावल्या, कारण त्या वनस्पतींच्या आडोशालाच देशी मासा अंडी घालतो. पाणवनस्पती वाढल्या, देशी मासे परतले, पाखरंही परतली. नवेगावबांधला वनाधिकारी म्हणून राहिलेले लेखक मारुती चितमपल्ली सांगत असत की रानातलं आणि पाण्यातलं त्यांचं ज्ञान तिथल्या ढिवर-गोंड माणसांकडून आलं. तेच ज्ञान आज बाया तलावात पेरत आहेत.

आणि कायदाही थोडा बाजूनं वळला आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यात तिसऱ्या कलमात सामूहिक हक्कांची यादी आहे, आणि त्यात मासे आणि पाण्यातलं इतर उत्पन्न असं स्पष्ट लिहिलेलं आहे. १९२७ च्या कायद्यात जे गुन्ह्याच्या यादीत होतं, ते एकोणऐंशी वर्षांनी हक्काच्या यादीत आलं. ज्यांच्या गावाचा तलाव जंगलाच्या हद्दीत आहे, त्यांनी हे नीट लक्षात घ्यावं. हक्काचा दावा ग्रामसभा करते. आदिवासी कुटुंबांबरोबर इतर पारंपरिक वननिवासींनाही तो करता येतो. ढिवर समाज आपल्याकडे आदिवासींच्या यादीत नाही, म्हणून त्यांना तीन पिढ्यांचा, म्हणजे पंचाहत्तर वर्षांचा रहिवास आणि जंगलावरचं अवलंबन दाखवावं लागतं. जुनी निस्तार पत्रकं, म्हाताऱ्या माणसांचे जबाब, तलावाशी जोडलेल्या पूजेच्या जागा, हे सगळं पुरावा म्हणून चालतं. आणि या ग्रामसभेत हजर असलेल्यांपैकी एक तृतीयांश बाया असल्याच पाहिजेत, नाहीतर ती सभा पुरी होत नाही. आपण गेलो नाही तर दावाच अडतो, एवढी आपली किंमत कायद्यानं मान्य केली आहे.

आता सहलीचं बोलू. ज्या गटांना खरंच ट्राउट पाहायचा आहे, त्यांनी मनालीकडची सहल मार्च ते जून किंवा सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये ठरवावी. १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत हिमाचलात ट्राउट धरायला बंदी असते, कारण तो त्याचा विणीचा काळ. पावसाळ्यात नद्या गढूळ आणि रस्ते धोक्याचे. गळ टाकायचा तर हिमाचलच्या मत्स्य विभागाचा परवाना आधी घ्यायचा, कुठल्या पट्ट्यात चालतं ते विचारून घ्यायचं. पण गळापेक्षा पतलीकूहलचं केंद्र आणि एखाद्या शेतकरी कुटुंबाचे हौद पाहण्यात जास्त वेळ घालवा. बाईचं नाव त्या व्यवसायाच्या कागदावर आहे का, हे तिथल्या बायांनाच विचारा.

ज्यांचा खर्च एवढा झेपत नाही, त्यांनी जवळची सहल करावी. पहिला दिवस अर्जुनी मोरगाव आणि नवेगावबांधच्या बाजूच्या तलावांवर. तिथल्या बायांशी बोलायचं, पाणवनस्पती कशा लावल्या ते पाहायचं. दुसरा दिवस आपल्या जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात. मत्स्य संपदा योजनेत महिलांना प्रकल्पाच्या खर्चावर साठ टक्क्यांपर्यंत अनुदान आहे. त्याचे निकष, लागणारी कागदपत्रं, गटाला अर्ज करता येतो का, हे सगळं तिथे बसून लिहून घ्यायचं. सहलीचा पैसा गटाच्या बचतीतून जाणार असेल तर वहीत तसा ठराव करा आणि परत आल्यावर काय शिकलो ते ग्रामसंघात वाचून दाखवा.

आणि ज्यांना आपल्याच तलावावर पर्यटक आणायचे आहेत, त्यांच्यासाठी आमचं एकच सांगणं आहे. आधी कागद पाहा. तलाव कोणाच्या ताब्यात आहे? ठेका कोणाकडे, किती वर्षांचा, किती रुपयांत? संस्थेच्या सभासद यादीत बाया किती? तलाव जंगलाच्या हद्दीत आहे का आणि ग्रामसभेनं दावा केला आहे का? ही चार उत्तरं हातात नसताना तलावावर झोपड्या, बोटी आणि गळाची पाटी लागली, तर उत्पन्न ज्याच्याकडे कागद आहे त्याच्याकडे जाईल, आणि आपल्याकडे भांडी घासायचं काम येईल. पचमढीत आणि उटीत तेच झालं होतं. बंगल्यात राहणारे वेगळे होते आणि पाणी भरणारे वेगळे.

ही चारही उत्तरं माहितीच्या अधिकारात दहा रुपयांच्या अर्जावर मिळतात. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला तर तेही दहा रुपये लागत नाहीत. पुढच्या महिन्याच्या बैठकीत गटातल्या दोघींनी हा अर्ज लिहायचं काम घ्यावं, आणि सभासद यादीची प्रत आली की त्यात ज्या ढिवर बहिणींची नावं नाहीत, त्यांच्या सभासदत्वाचे अर्ज त्याच दिवशी भरून द्यावेत. पावसाळा लागायच्या आत एवढं झालं, तर यंदाचं मत्स्यबीज तलावात सुटेल तेव्हा त्या पाण्याच्या हिशेबात आपलीही नावं असतील.